सगळ्यांत मागचा सायकलवाला

माजलगाव, १९ नोव्हेंबर

श्री. अंगदराव यांस,

सविनय निवेदन असे की, परवा रविवारी आपल्या पुणे शहरात निम्नस्वाक्षरीकारास अर्धे केळे देण्यात आले. केळे सोललेले नव्हते. सालीसकट सुरीने मधोमध कापले होते आणि कापलेल्या बाजूवर एक माशी आमच्या आधीपासून हजर होती. निम्नस्वाक्षरीकार माजलगावहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत सायकल आडवी घालून, तिचे वेगळे भाडे भरून, रात्रभर मान एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकत आपल्या शहरी आला होता. उरलेले अर्धे केळे कोणाच्या पोटात गेले याची चौकशी केली असता टेबलामागच्या बाईंनी 'शेवटच्यांना एवढंच उरलं' असे उत्तर दिले. या घटनेची नोंद इतिहासाने घ्यावी.

बास. हे कचेरीतलं मराठी माझ्याच्यानं दुसऱ्या परिच्छेदात जात नाही. आणि तुला 'आपण' म्हणताना पेनसुद्धा अडकतंय.

तू फोन उचलत नाहीस. आपल्या रविवारच्या ग्रुपमधून निघून गेलास. म्हणून टपालानं लिहितोय. टपालाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. तुझी ख्यालीखुशाली मी विचारणार नाही, ती मला माहीत आहे. छबुवहिनी महादेवीला सांगतात, महादेवी मला सांगते, फोडणी घालून. डॉक्टरनं तुला रोज हळूहळू सायकल चालवायला सांगितलीय आणि तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत गॅलरीत खुर्ची धरून बसतोस, जिन्यानं खालीसुद्धा उतरत नाहीस, असं ऐकलं. युवराज म्हणे आता बापाशी बोलायचं तर गॅलरीत जाऊन बोलतो. बस बाबा. खुर्ची तुझी, गॅलरी पोराची. मला काय करायचंय.

मी पुण्यातल्या त्या सायकल फेरीबद्दल लिहितोय. जाहिरातीत लिहिलं होतं, 'सर्वांसाठी, वेगाची सक्ती नाही.' म्हणून गेलो. तिथं माझं नाव विचारायच्या आधी एका तरुणानं माझ्या सायकलीचं वजन विचारलं. मी म्हटलं, सायकलीचं सांगू का माझं? तो हसला नाही. सगळ्यांच्या अंगात असले घट्ट कपडे, की माणसाच्या जेवणाची वेळसुद्धा बाहेरून कळावी. शिट्टी वाजली आणि पहिल्या उड्डाणपुलानंतर आठशे माणसं गायब. मी मागं राहिलो. का म्हणून राहिलो ते विचारू नको.

मागून एक टेम्पो आला. ड्रायव्हरनं विचारलं, "काका, बसता का?" मी नाही म्हटलं. थोड्या वेळानं परत तेच. मग मला समजलं, हा माझी काळजी करत नव्हता. याला वाटेतल्या बाणाच्या पाट्या गोळा करून घरी जायचं होतं. शेवटी तो मला ओलांडून पुढं गेला आणि माझ्या डोळ्यादेखत एकेक पाटी उपटत गेला. मी अजून फेरीत होतो आणि फेरी माझ्यासमोर गुंडाळली जात होती. साहजिकच मी हरवलो.

हरवलो तो हडपसरात. एका सोसायटीच्या फाटकासमोर. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत एक माणूस शाल घेऊन बसलेला दिसला. मी घंटी वाजवली. परत वाजवली. माणसानं खाली बघितलं नाही. तो तू होतास असं मी म्हणत नाही. तू असतास तर माझी घंटी ओळखली असतीस.

वर आलो नाही. कुणी बोलावलं नव्हतं.

निकाल: प्रवास करून जाण्याच्या लायकीची नाही.

सोमलिंग


माजलगाव, १७ डिसेंबर

अंगद यास,

उत्तर आलं नाही. पण छबुवहिनींनी कळवलं की तू पत्र शेवटपर्यंत वाचलंस आणि 'येडा झालाय ह्यो' एवढं बोललास. ते मी उत्तर म्हणून धरतोय. महादेवीचं म्हणणं, हडपसरापर्यंत जाऊन वर न जाणारा माणूस खरोखरच येडा आहे आणि तिला हे लग्नानंतर महिनाभरात समजलं होतं. ती तुला नमस्कार-शरणार्थ सांगते. मी काही सांगत नाही.

या रविवारी शेजारच्या तालुक्यात गेलतो. तिथल्या एका सायबांचा वाढदिवस. आरोग्यासाठी भव्य सायकल फेरी, चौकाचौकात बॅनर, बॅनरवर साहेब सायकलीवर बसलेले, सायकलीचं मागचं चाक बॅनरच्या बाहेर. वेळ सातची. साहेब आले सव्वानऊला. मग सत्कार. मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. तोवर माझ्या सायकलीलासुद्धा एक हार पडला होता आणि तो साखळीत अडकला.

पण खरा तमाशा पुढं. साहेब सायकलीवर बसले. नवीकोरी, गिअरची. आयुष्यात गिअर बघितलेला नसावा, कारण ती पहिल्यापासून सगळ्यात जड गिअरवर अडकलेली. सायबांची सायकल निघाली मिरवणुकीतल्या पालखीच्या चालीनं. आणि तीनशे माणसं त्यांच्या मागं. पुढं कोण जाणार? सायबांच्या पुढं जायचं म्हणजे पुढच्या पाच वर्षांची सोय बघायची. सगळ्यांचे ब्रेक दाबलेले, एक पाय जमिनीवर, हँडल डावीकडं-उजवीकडं. एकाची सायकल उतारानं चुकून दोन हात पुढं गेली, तर मागच्यांनी त्याला शर्टाला धरून मागं ओढला. तीन किलोमीटर आम्ही असे गेलो. साहेब पहिले आले. टाळ्या. साहेब घाम पुसत म्हणाले, "तुमी पोरं लई दमलात की रं."

सगळे हसले. मला हसू आलं नाही, तेवढ्यावर मी समजून चुकलो की तू मला आठवणार आणि माझा रविवार बिघडणार.

आता तू म्हणशील, सोम्या, आपल्या धरणावर तरी काय वेगळं झालं होतं? वेगळं होतं. आपला नियम तुला माहीत आहे, दहा वर्षं पाळलाय: धरणाच्या टपरीवर जो शेवटी पोचेल त्यानं सगळ्यांना भजी आणि चहा. सगळे सारखेच म्हातारे होतो तोवर तो नियम बरा होता. मग तुझी अँजिओप्लास्टी झाली आणि चैत्रापासून दर रविवारी तूच शेवटी. दर रविवारी तू घामानं निथळत यायचास आणि सरळ भजीवाल्याकडं जायचास. आम्हाला ती भजी गिळायला किती जड जायची ते तुला काय माहीत. मग एकाच्या डोक्यातून निघालं, एकदा याला पहिला येऊ द्या. बद्रीनाथ म्हणतो मी सुचवलं. मी म्हणतो बद्रीनाथनं.

हे मान्य, की आम्हाला हरायची सवय नव्हती. शेवटच्या वळणावर आम्ही चौघंही एकदमच हरायला लागलो. बद्रीनाथ उतरून चाकातली हवा दाबून बघायला लागला. मी बुटाची नाडी बांधायला थांबलो आणि माझ्या पायात चप्पल होती.

तू थांबलास. सायकलवरून उतरलास. आम्ही मागं, तू पुढं, मध्ये मोकळा रस्ता, आणि एकाचीही पुढं यायची हिंमत नाही. तू एवढंच म्हणालास, "मी मेलो न्हाई अजून, बे."

मग सायकल वळवलीस. संध्याकाळी ती भंगारवाल्याला दिलीस आणि आठवड्यात पुण्याला गेलास.

आम्ही काही गुन्हा केला असं मला आजही वाटत नाही. चार शहाणी माणसं भल्या मनानं ब्रेक दाबतात, त्यात गुन्हा कसला? सायबांना शेवटपर्यंत काही समजलं नाही. तुला लगेच समजलं. त्याला मी काय करू? तुझी नजर चांगली, हा आमचा दोष नाही. माफी-बिफी मागत नाही.

रविवारी आता कुणी धरणावर जात नाही. भजीवाला विचारतो.

निकाल: घरी झोपलेलं बरं.

सोमलिंग


माजलगाव, १४ जानेवारी, संक्रांत

अंगद,

तीळगूळ वेगळा पाठवलाय. महादेवीनं. त्यात माझा हात फक्त खोक्याला चिकटपट्टी लावण्यापुरता.

दुकानात रंग घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून समजलं की नांदूरघाटची मंडळी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायकलीवर लिंबागणेशला जातात, गणपतीचं दर्शन घेतात आणि परत येऊन आपल्या गावच्या देवळाच्या मंडपात जेवतात. टी-शर्ट नाही, पदक नाही, बॅनर नाही. गेलो. सत्तरएक माणसं, त्यात बायकाही. काहींच्या गिअरच्या सायकली, काहींच्या दूध घालायच्या. दोनच नियम. एक, सगळ्यांत मागं एक माणूस राहतो, त्याला हे लोक 'शेपूट' म्हणतात, आणि शेपटानं कुणाच्याही पुढं जायचं नाही. दुसरा, शेवटचा माणूस येईपर्यंत पान वाढायचं नाही.

दुसरा नियम ऐकून मी मनात हसलो. असले नियम सकाळी चांगले वाटतात. म्हटलं, बघूच. दुपारी दोन वाजता भूक लागल्यावर यांचा नियम कुठं जातो ते बघू. आणि मी ठरवलं की आज महाराष्ट्रात माझ्याइतका सावकाश कुणी चालवणार नाही.

आता का म्हणून ते तुला समजलंच असेल. समजलं नसेल तर तुझी नजर मी मागच्या पत्रात उगाच वाखाणली.

शेपूट होता रामेश्वर नावाचा आडत्या. आपल्याच वयाचा, पोट सुटलेला, तोंड त्याहून जास्त सुटलेलं. मी हळू केलं, त्यानं हळू केलं. मी आणखी हळू केलं, त्यानं तुरीचे भाव सांगितले. मग मुतखड्याची गोष्ट, खडा पडला त्या दिवशी काय काय खाल्लं होतं त्यासकट. मग मुलीच्या सासरची माणसं. अंगद, मी पुण्यातल्या टेम्पोवाल्याला मनातल्या मनात माफ केलं. परतीच्या चढावर मी उतरून चालायला लागलो, तोही उतरला. एका लिंबाखाली बसलो, पोटरी धरली, म्हटलं गोळा आलाय. तोही बसला. 'चला' म्हणेना, 'बरं वाटतंय का' म्हणेना, घड्याळ बघेना. अशा माणसाचा राग किती येतो ते तुला सांगून कळणार नाही.

मी म्हणालो, तुम्ही जा पुढं, मी येतो सावकाश.

तो म्हणाला, "पुढं जायला येत न्हाई मला. शेपूट हाय मी."

तेवढं बोलला आणि गप्प झाला. मला वाटलं, चला, विषय संपले. बघतो तर त्याचे हात थरथरायला लागलेले, कपाळावर घाम. खिशातून खडीसाखर काढली, ती तोंडात टाकताना निम्मी खाली सांडली. त्याला शुगर आहे. दुपारचं जेवण वेळेवर लागतं. मी विचारलं, आधी बोलायचं नाही का? तर म्हणतो, "तुमचा पाय दुखत होता न्हवं."

माझा पाय तिथल्या तिथं बरा झाला. खडीसाखरेनं त्याला जरा तरतरी आल्यावर मी त्याला बसवला सायकलीवर आणि चढ संपल्यावर असा काही हाणत निघालो की शेपटालाच मागं पडायची वेळ आली. त्याला समजलं असणार.

अडीच वाजता पोचलो. मंडपात सत्तर माणसं पत्रावळी समोर मांडून बसलेली. पत्रावळी रिकाम्या. भाकरीच्या टोपल्यांवर फडकी. एका म्हातारीनं आत आवाज दिला, "आलं का शेवटचं? वाढा." टाळी नाही, शाबासकी नाही. माझ्या शेजारचा माणूस भाकरी मोडत म्हणाला, "लई टाइम लावला, बे. पुढच्या खेपेला रातीच निघत जा." पलीकडची बाई म्हणाली, यांच्या सायकलीला बैल जोडा. जेवण होईपर्यंत सगळी पंगत मला आलटून पालटून शिव्या घालत होती. कुणी 'असू द्या' म्हणालं नाही. कुणी माझ्याकडं दवाखान्यातल्या माणसासारखं बघितलं नाही.

आम्हाला हे कधी जमलं नाही, अंगद. आम्ही तुला जिंकवायला निघालो. या लोकांनी मला भरपूर शिव्या दिल्या आणि उपाशी बसून राहिले.

पुढची फेरी ९ फेब्रुवारीला. पुण्याहून केजला गाड्या आहेत, नांदूरघाट तिथून जवळ. इथं प्रवास करून यायला हरकत नाही. तुला बोलावतोय असं समजू नको, माहिती देतोय.

सोमलिंग


माजलगाव, २९ जानेवारी

अंगद,

तुझं कार्ड मिळालं. मी तीन पत्रं लिहिली, पानं भरभरून, हाताला पेटके येईपर्यंत. त्यावर तुझं उत्तर दोन शब्द: 'चढ किती?' वर प्रिय नाही, खाली सही नाही. पोस्टमननं वाचून मला विचारलं, हे कुणाचं? मी म्हणालो, एका म्हाताऱ्याचं, शब्द जपून वापरतो.

चढ एक. लांब आहे, सरळ आहे, खोटं बोलत नाही, तुला उतरून चालावं लागेल. मलाही लागतं. तिथं निम्मी माणसं चालतात आणि चालताना पुढच्याची निंदा करतात. बाकी रस्ता तुझ्या जुन्या रविवारच्या रस्त्यासारखाच.

डॉक्टरला विचारून ये. छबुवहिनींना विचारून ये. युवराजला सांगून ये, विचारू नको. तो नाही म्हणेल आणि मग तू हट्टानं येशील, ते मला नको.

सायकल मी आणतो. भंगारवाला माझं गिऱ्हाईक आहे, पुढचं विचारू नको. साखळी नवी टाकलीय.

एक आत्ताच लिहून देतो म्हणजे नंतर भांडण नको. तुझ्यासाठी कुणी ब्रेक दाबणार नाही. बद्रीनाथला मी आणतच नाही.

सोम्या


माजलगाव, ११ फेब्रुवारी

अंग्या,

तू सुखरूप पोचल्याचं वहिनींनी कळवलं. वहिनींनीच, तू कळवशील ही अपेक्षा मी कधीच सोडली. जिना चढून एका दमात गॅलरीत गेलास आणि खुर्ची उचलून आत ठेवलीस, असंही समजलं. खुर्ची घडीची आहे, ती उचलण्यात पराक्रम काही नाही.

आता माझी तक्रार ऐक.

सकाळी मी गळ्यात शेपटाचा लाल रुमाल बांधून उभा होतो तेव्हा तू जे तोंड केलंस ते मी विसरणार नाही. "म्हंजे दिवसभर माझ्या मागं तू?" मी सांगितलं, तू शेवटचा असशील तर. माझी तशी काही इच्छा नाही. तू वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस. ज्या माणसाला डॉक्टरनं 'हळूहळू' असं सांगितलंय तो माणूस पहिल्या वळणाला माझ्या नजरेआड. मी मनात सगळे देव आठवले, महादेवी आठवली, छबुवहिनींना काय तोंड दाखवू ते आठवलं. आणि तुझ्यामागं जाता येईना, कारण शेपटाला पुढं जायला येत नाही. हा रुमाल मी तुझ्यासाठी बांधलाय असं तुला वाटलं, म्हणून तू पळालास. तुझ्यासाठी नव्हता बांधला. तुझ्याआधी एका माणसाचं देणं होतं.

माझ्या वाट्याला आला केजचा एक बँक मॅनेजर. पहिल्यांदाच सायकलवर बसलेला, भला माणूस, पण कोडी घालायची सवय. चढावर तो चार वेळा बसला आणि चारही वेळा मी शेजारी बसलो. 'चला' म्हणालो नाही. तोंडात आलेला शब्द दाताखाली धरून ठेवायला किती ताकद लागते ते तुला माहीत नाही, कारण तू असले शब्द कधी धरूनच ठेवले नाहीस. चढाच्या मध्यावर तुझी चाकं रस्त्याकडेच्या मातीत उमटलेली दिसली, शेजारी पावलं. म्हणजे तू उतरला होतास. चालला होतास. तिथून पुढं मला जरा श्वास आला.

आम्ही पोचलो तेव्हा पावणेतीन. पहिला आवाज तुझा. मंडपभर घुमला: "लई टाइम लावला, बे." तुला तिथं येऊन अर्धा दिवस झाला नव्हता आणि तू यजमान झाला होतास. सगळे हसले. तू माझी चपलेला नाडी बांधायची गोष्ट सगळ्या पंगतीला सांगून टाकली होतीस, हे मला मागून समजलं, जेव्हा एक बाई माझ्या पायांकडं बघून तोंडाला पदर लावून आत गेली. सांग. अख्ख्या जिल्ह्याला सांग. आठ महिने तू ती गोष्ट दाबून बसला होतास आणि त्यावर तुला हसता आलं नव्हतं, ते आलं. त्या बदल्यात माझी चप्पल गेली तरी चालेल.

पण एक तुला दिसलं नसणार, तू हसण्यात गुंतला होतास म्हणून लिहितो.

तुझ्या डाव्या हाताला रामेश्वर बसला होता. आठवत असेल, मुतखड्याची गोष्ट त्यानं तुलाही सांगितली असणारच. चार वर्षं हा माणूस दर महिन्याला सगळ्यांच्या मागून येतोय. या रविवारी पहिल्यांदाच पुढं सोडला, तर साऱ्यांच्या आधी येऊन, हातपाय धुऊन, मांडी घालून बसला होता. उपाशी होताच. नियम नियम आहे, शेवटचे आम्ही होतो. खिशातली खडीसाखर त्यानं समोर पत्रावळीच्या कडेला काढून ठेवली होती.

म्हातारीनं 'वाढा' म्हटलं. मॅनेजर बसला. मला बसायला जागा केली होती, तुझ्याच समोर. मी बसलो नाही. हात धुतले, एका पोरीच्या हातातून भाकरीची टोपली घेतली आणि पंगतीच्या सुरुवातीपासून न वाढता सरळ मधे रामेश्वरपाशी गेलो. आधी त्याच्या पानावर भाकरी ठेवली. आमटी घातली. तो वर बघायला लागला, काही बोलणार होता. मी ठेच्याची वाटी त्याच्याकडं सरकवली आणि पुढच्या पानावर गेलो. ते पान तुझं होतं.

सोम्या